पुस्तकामागचं इंजिन

संगणकावर मराठी ई-पुस्तक उघडायला फारसं काही करावं लागत नाही. पुस्तकाच्या नावावर दोनदा टिचकी मारायची, खिडकी उघडते, मुखपृष्ठ दिसतं आणि आपण वाचू लागतो. पण ते पान पडद्यावर मांडतं कोण, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. छापील पुस्तकासारखी पानं फाईलमध्ये तयारच असतील, असं आपण धरून चालतो.

तसं नसतं. 'ईपब' हा ई-पुस्तकांचा जगभर चालणारा प्रकार आहे. २००७ साली तो अधिकृत मानक म्हणून जाहीर झाला. ही ईपब फाईल म्हणजे एक गाठोडं असतं. ते सोडलं की आत संकेतस्थळावर असतात तशीच पानं निघतात, त्याच एचटीएमएल भाषेत लिहिलेली. अक्षरं किती मोठी, समास किती रुंद, चित्र कुठे, याच्या सूचना तेवढ्या बरोबर दिलेल्या असतात. त्या वाचून पान रचायचं, तर ब्राउझर जे काम करतो तेच करावं लागतं. म्हणून ई-पुस्तक वाचायच्या सॉफ्टवेअरच्या पोटात एक ब्राउझर बसवलेला असतो. त्याला पत्ता लिहायची पट्टी नसते, मागे-पुढे जायची बटणं नसतात, नावही दिसत नाही. असतं ते फक्त इंजिन.

हे इंजिन कधी ना कधी म्हातारं होतं आणि बदलावं लागतं. त्या बदलाची एक हकीकत आज सांगायची आहे. तिचा एक धागा नॉर्वे-जर्मनीत आहे, एक कॅलिफोर्नियात आणि एक थेट आपल्या मुंबईत.

दऱ्या आणि दर्या

आधी या इंजिनाचं मराठीशी काय नातं आहे ते पाहू. 'किती' हा शब्द घ्या. संगणकात तो साठवला जातो तो उच्चाराच्या क्रमानं. आधी क, मग ऱ्हस्व इकार. पडद्यावर मात्र वेलांटी क-च्या आधी यायला हवी. 'सूर्य' या शब्दात र आधी आणि य नंतर साठवलेला असतो, पण दिसताना र-चा रफार होऊन य-च्या डोक्यावर बसतो. 'क्ष', 'ज्ञ', 'श्र' यांच्या बाबतीत तर दोन व्यंजनं एकत्र येऊन तिसराच आकार तयार होतो. ही सगळी हलवाहलव दर वेळी, दर ओळीत इंजिनाला करावी लागते. रोमन लिपीत एकामागून एक अक्षर मांडलं की बव्हंशी काम भागतं. देवनागरीत भागत नाही.

मराठीची आणखी एक खास गोष्ट आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. 'आचार्यांना' नमस्कार करायचा असतो आणि 'आचाऱ्यांना' जेवणाची संख्या सांगायची असते. रफार आणि अर्धा र यांतला हा फरक हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. इंजिन बनवणाऱ्यानं देवनागरीची परीक्षा फक्त हिंदी मजकुरावर घेतली, तर हा फरक त्याच्या ध्यानातही येणार नाही. मग आपला डोंगर समुद्रात जायला वेळ लागत नाही.

तिसरी गोष्ट ल आणि श या अक्षरांच्या वळणाची. मराठी वळणाचा ल पाकळीचा आणि श देठाचा. हिंदी वळण निराळं. महाराष्ट्र शासनानं १० नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावेत असं सांगितलं आहे. युनिकोडमध्ये मात्र मराठी ल आणि हिंदी ल यांना एकच क्रमांक आहे. टंकामध्ये दोन्ही वळणं ठेवता येतात, पण त्यांतलं कोणतं काढायचं हे इंजिनानं पाहायचं असतं. पानावर 'ही भाषा मराठी' अशी नोंद आहे का, असली तर टंकातलं मराठी वळण उचलायचं. जुन्या इंजिनाला ही नोंद वाचता येत नसेल, तर टंक कितीही चांगला असून उपयोग नाही.

टंकांचं जंगल

हा प्रश्न एका रात्रीत उभा राहिला नाही. पुण्यात १९८८ साली 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि भारतीय भाषा संगणकावर आणण्याचं मोठं काम तिथे झालं. १९९१ साली 'इस्की' हे भारतीय लिपींचं मानक ठरलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातला देवनागरीचा विभाग इस्कीच्याच आधीच्या मसुद्यावर बेतलेला होता. म्हणजे पाया वेळेवर घातला गेला होता. घर उभं राहायला मात्र उशीर झाला.

कारण मधल्या काळात पडद्यावर मराठी दिसण्याचा व्यवहारी मार्ग एकच होता. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार भरलेला टंक. प्रत्येक कंपनीचा टंक निराळा आणि त्यातल्या अक्षरांच्या जागाही निराळ्या. नव्वदच्या दशकात मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं सुरू झाली, तेव्हा 'आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या' ही सूचना वाचकांच्या ओळखीची झाली होती. टंक नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसायचा. शोध घेता यायचा नाही, एका ठिकाणचा मजकूर दुसरीकडे नेता यायचा नाही.

१९९९ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोअररची पाचवी आवृत्ती आली आणि २००० साली विंडोज २०००. त्यांच्याबरोबर 'युनिस्क्राइब' नावाचा एक भाग आला. वेलांटी मागे घेणं, रफार चढवणं ही कामं तो करत असे. विंडोज २००० मध्ये 'मंगल' हा देवनागरी टंकही होता. या घटनेत आपल्या विषयाचं बीज आहे. अक्षरं नीट दिसणं हे टंकाइतकंच, किंबहुना त्याहून अधिक, पडद्यामागच्या यंत्रणेच्या वयावर अवलंबून आहे, हे तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट झालं. यंत्रणा नवी असेल तर मजकूर वाचता येई. जुनी असेल तर तोच मजकूर चौकोनांची रांग होऊन बसे.

लिनक्सवर वेगळी खटपट चालू होती. रेड हॅट कंपनीनं 'लोहित' हे भारतीय भाषांचे टंक २००४ साली मुक्त परवान्याखाली खुले केले आणि २०११ मध्ये त्यांचा परवाना आणखी सोयीचा केला. २००९ साली केंद्र सरकारनं ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक म्हणून स्वीकारलं. टंक झाले, मानक झालं. आता उरलं इंजिन.

एका इंजिनाची वंशावळ

हे इंजिन आलं कुठून? १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'के.डी.ई.' नावाच्या गटातले स्वयंसेवक लिनक्ससाठी डोळ्यांना बरी वाटेल अशी संगणक प्रणाली बनवत होते. त्यांना ब्राउझर हवा होता. १९९९ च्या सुमारास लार्स क्नॉल या जर्मन तरुणानं आणि त्याच्या सोबत्यांनी त्याचं इंजिन नव्यानं लिहायला घेतलं. त्याचं नाव 'के-एचटीएमएल'. ऑक्टोबर २००० मध्ये के.डी.ई.च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर ते लोकांच्या हाती आलं.

जानेवारी २००३ मध्ये अ‍ॅपल कंपनीनं 'सफारी' हा ब्राउझर जाहीर केला, तेव्हा त्याच्या पोटात हेच के-एचटीएमएल असल्याचं कळून स्वयंसेवकांनाही आश्चर्य वाटलं. अ‍ॅपलनं ते निवडण्याचं एक कारण त्याचा आटोपशीरपणा हे होतं. त्यात १ लाख ४० हजारांहून कमी ओळी होत्या. परवाना मुक्त असल्यानं अ‍ॅपलला इंजिनात केलेल्या सुधारणा खुल्या ठेवणं भाग होतं. २००५ साली 'वेबकिट' या नावानं तो प्रकल्प सर्वांसाठी उघडा झाला. २००८ मध्ये गुगलनं क्रोम ब्राउझर काढला, तोही वेबकिटवर. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि ३ एप्रिल २०१३ रोजी गुगलनं वेबकिटची आपली वेगळी शाखा जाहीर केली. तिचं नाव 'ब्लिंक'. भाऊबंदकीत शेताच्या वाटण्या व्हाव्यात तसं हे झालं. फरक इतकाच, की इथे प्रत्येक भावाला सगळं शेत मिळालं आणि प्रत्येकानं ते आपापल्या पद्धतीनं कसलं.

याच्या जोडीनं दुसरी एक गोष्ट घडत होती. नॉर्वेतल्या ट्रोलटेक कंपनीनं १९९५ साली 'क्यूट' नावाची एक चौकट लोकांपुढे आणली. चौकट म्हणजे काय? प्रत्येक सॉफ्टवेअरला खिडक्या, बटणं, याद्या, मजकुराच्या जागा लागतात. त्या दर वेळी नव्यानं घडवण्याऐवजी तयार घ्यायच्या आणि त्यांवर आपलं सॉफ्टवेअर बांधायचं. सुतारानं दर घरासाठी बिजागऱ्या स्वतः ओतू नयेत, बाजारातून आणाव्यात, तसंच हे. के.डी.ई. याच चौकटीवर उभं होतं. लार्स क्नॉलही पुढे ट्रोलटेकमध्ये गेला. मे २००८ मध्ये क्यूटच्या ४.४ या आवृत्तीत वेबकिट इंजिन बसवलेलं आलं. आता क्यूट वापरणाऱ्या कोणालाही आपल्या सॉफ्टवेअरमध्ये थोड्या ओळींत ब्राउझर बसवता येऊ लागला.

मुंबईतलं कॅलिबर

ही सोय ज्यांच्या कामी आली, त्यांत कोविद गोयल हे एक नाव. २००६ मध्ये सोनी कंपनीनं पीआरएस-५०० हे ई-पुस्तक वाचायचं यंत्र काढलं. त्याबरोबर आलेलं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नव्हतं. गोयल त्या वेळी कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत संशोधक विद्यार्थी होते. त्यांनी आपल्यापुरता एक मार्ग शोधला आणि तो लोकांना वापरायला दिला. २००८ साली त्या कामाला 'कॅलिबर' हे नाव मिळालं. ई-पुस्तकांचं कपाट लावणं, एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणं, पुस्तक वाचणं आणि दुरुस्त करणं, ही सगळी कामं कॅलिबर करतं. ते फुकट आहे आणि मुक्त परवान्याखाली आहे. गोयल नंतर मुंबईतून त्याचं काम पाहू लागले. जगभरात वापरलं जाणारं हे सॉफ्टवेअर मुख्यतः एका माणसाच्या देखरेखीखाली चालतं, ही गोष्ट ध्यानात ठेवावी अशी आहे.

कॅलिबर क्यूटच्या चौकटीवर बांधलेलं आहे. त्यामुळे पुस्तक दाखवण्याचं आणि पीडीएफ बनवण्याचं काम साहजिकच क्यूटमधल्या वेबकिटकडे आलं. मराठी वाचकाला ते दुसऱ्या एका मार्गानंही भेटतं. विकिस्रोत हे विकिपीडियाचं ग्रंथालय. तिथलं पुस्तक पीडीएफ म्हणून उतरवून घेतलं, तर ते रूपांतर करणारी साधनं पाठीमागे कॅलिबरच वापरतात. साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं संपली आणि १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांना खुलं झालं. कायद्यानं पुस्तक खुलं केलं. पण ते पडद्यावर नीट उघडणं इंजिनाच्या हाती राहिलं.

जुनं इंजिन सोडायचं ठरलं

२०१३ मध्ये गुगलनं वेगळी चूल मांडली, तेव्हा क्यूटपुढे पेच पडला. वेबकिट धरून राहायचं तर त्याचा सगळा भार आपणच उचलायचा. ब्राउझरचं इंजिन आता दीड लाख ओळींचं राहिलं नव्हतं, त्याचा डोंगर झाला होता. क्यूटची मालकीही बदलत होती. ट्रोलटेककडून २००८ मध्ये नोकियाकडे, २०१२ मध्ये डिजियाकडे, आणि २०१४ मध्ये क्यूटसाठी वेगळी कंपनी झाली. अशा अवस्थेत सप्टेंबर २०१३ मध्ये क्यूटनं जाहीर केलं, की आपण यापुढे क्रोमियमचं, म्हणजे क्रोमच्या मुक्त स्वरूपाचं, इंजिन घेणार. त्या वेळी क्यूट प्रकल्पाचा मुख्य देखरेखकार होता तोच लार्स क्नॉल. आपल्या हातानं लावलेल्या रोपाच्या एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जाण्याचा निर्णय त्याच्या कारकिर्दीत झाला.

डिसेंबर २०१४ मध्ये क्यूट ५.४ बरोबर नवं 'क्यूट वेबइंजिन' आलं. मार्च २०१६ मध्ये क्यूट ५.६ आली, तेव्हा जुनं वेबकिट मूळ गाठोड्यातून वगळलेलं होतं. ज्यांना ते हवं होतं त्यांनी ते वेगळं मिळवून चालवलं. काही स्वयंसेवकांनी ते जिवंत ठेवण्याची धडपडही केली. चालतंय ना, मग कशाला हात लावा, असं म्हणण्याचा मोह मोठा असतो.

पण इथे धोका होता. ई-पुस्तक हे दुसऱ्या कोणीतरी लिहिलेलं पान असतं. २०११ पासूनच्या ईपबच्या तिसऱ्या पिढीत तर पानाच्या आत आज्ञावलीही घालता येते. इंजिनात कुठे फट राहिली असेल, तर मुद्दाम बिघडवलेली फाईल त्या फटीतून आत शिरू शकते. ब्राउझरमधल्या अशा फटी सतत सापडत असतात आणि बुजवल्या जातात. ज्या इंजिनाकडे बघणारं कोणी उरलं नाही, त्यातल्या फटी सापडतात, पण बुजत नाहीत. कुलूप तेच राहतं आणि किल्लीची नक्कल बाजारात येते.

बदलताना काय बदललं

इंजिन बदलायचं म्हणजे जुना भाग काढून नवा बसवायचा, एवढंच वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही इंजिनांची रीतच निराळी होती. जुनं वेबकिट सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रक्रियेत चालायचं. एका घरात राहणाऱ्या माणसासारखं. स्वयंपाकघरातून हाक मारली की ओसरीवरून लगेच उत्तर. तिसऱ्या पानावरचा दुसरा परिच्छेद दे म्हटलं, की तो तिथल्या तिथे हाती यायचा.

नवं वेबइंजिन वेगळ्या प्रक्रियेत, बंदिस्त आवारात चालतं. पानात काही घातक असलं तरी त्याला आवाराबाहेर येता येऊ नये, ही त्यामागची सुरक्षिततेची व्यवस्था आहे. पण त्यामुळे हाक मारून भागत नाही. चिठ्ठी पाठवायची आणि उत्तर येईपर्यंत दुसरं काम करत राहायचं. ज्या सॉफ्टवेअरची सगळी रचना हाकेवर बेतलेली आहे, ते चिठ्ठीवर आणायचं म्हणजे भिंती पाडून घर पुन्हा बांधण्यासारखं आहे.

कॅलिबरनं तेच केलं. २०१७ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ब्राउझरमधूनच पुस्तक वाचता येण्याची एक नवी सोय लिहिलेली होती. तो पाया हाताशी होता. त्यावर संगणकावरचा पुस्तकवाचक पूर्णपणे नव्यानं लिहिला गेला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये चौथी आवृत्ती जाहीर झाली. वेबकिट गेलं, वेबइंजिन आलं. पीडीएफ बनवण्याचा भागही नव्यानं करावा लागला, कारण तोही जुन्या इंजिनावर उभा होता. वेबकिटवर विसंबून असलेली इतरांनी लिहिलेली पूरक साधनं बंद पडली आणि ती ज्याची त्यानं दुरुस्त करावी लागली. सवयीचा वाचक बदलला म्हणून अनेकांनी नाराजीही बोलून दाखवली. वापरणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर ते स्वाभाविक होतं. त्याला दिसत होती ती बदललेली खिडकी. बुजलेली फट त्याला दिसत नव्हती.

मराठीच्या दृष्टीनं या बदलाचं महत्त्व वेगळं आहे. क्रोमियममध्ये अक्षरांची जुळणी 'हार्फबझ' नावाचा भाग करतो. हे नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडं, मोकळं. बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या तंत्रज्ञानं तो पुढे नेला. त्याचा सुरुवातीचा आराखडा लिनक्सवरच्या 'पँगो' आणि क्यूट या दोन्हींमधल्या लिपी-जुळणीच्या भागांतून घडलेला आहे. पुढे २०१२ च्या सुमारास भारतीय लिपींसाठीचं काम त्यात नव्यानं लिहिलं गेलं. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड अशा सगळ्यांनी तोच भाग घेतला. याचा परिणाम असा, की दऱ्या आणि दर्या यांतला फरक एका ठिकाणी नीट झाला की सगळीकडे नीट होतो. पानावर मराठीची नोंद असेल आणि टंकात मराठी वळण असेल, तर पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतात. पूर्वी हेच काम प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याला आपापलं करावं लागे, आणि मराठीसाठी ते कोण करणार, हा प्रश्न असे.

एकदा बदलून भागत नाही

इंजिन एकदा बदललं, की सुटलो असं मात्र नाही. गुगलनं २०२१ साली क्रोमच्या नव्या आवृत्त्यांमधलं अंतर सहा आठवड्यांवरून चार आठवड्यांवर आणलं. क्यूटच्या आवृत्त्या साधारण सहा महिन्यांनी येतात. म्हणजे क्यूटमधलं इंजिन मूळ इंजिनाच्या नेहमी थोडं मागे असतं. मधल्या काळात सापडलेल्या फटींची ठिगळं क्यूटवाले जुन्या इंजिनावर लावत राहतात. कॅलिबरसारख्या सॉफ्टवेअरनं ते ठिगळ लावलेलं क्यूट उचलायचं आणि आपण कॅलिबरची नवी आवृत्ती उतरवायची. एवढी साखळी पूर्ण झाली की आपली खिडकी सुरक्षित.

ही साखळी किती महत्त्वाची आहे, हे सप्टेंबर २०२३ मध्ये दिसलं. 'वेबपी' प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या एका छोट्या भागात गंभीर फट सापडली. गुगलनं ११ सप्टेंबरला क्रोम दुरुस्त केला. पण तोच भाग कितीतरी सॉफ्टवेअरच्या पोटात होता. क्यूटसारखीच 'इलेक्ट्रॉन' नावाची दुसरी एक चौकट आहे. तीही क्रोमियमवर चालते आणि गप्पांची, कचेरीच्या कामाची अनेक सॉफ्टवेअर तिच्यावर बांधलेली आहेत. त्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे नवी आवृत्ती काढावी लागली. आपण ब्राउझर अद्ययावत केला म्हणून निश्चिंत झालेल्या माणसाच्या संगणकात आणखी किती ब्राउझर बिननावानं वस्तीला आहेत, ते त्या आठवड्यात कळलं.

गाडी पुढे जाते तेव्हा

या प्रगतीची किंमतही पडते, आणि ती सगळ्यांना सारखी पडत नाही. डिसेंबर २०२० मध्ये क्यूटची सहावी पिढी आली. तिनं विंडोज ७ चा आधार काढून घेतला. जुलै २०२२ मध्ये कॅलिबरची सहावी आवृत्ती या नव्या क्यूटवर गेली, आणि ३२ बिटचे संगणक व विंडोज ८ मागे राहिले. त्यांच्यासाठी ५.४४ ही शेवटची आवृत्ती ठरली. क्रोमनंही २०२३ च्या सुरुवातीला विंडोज ७ ला निरोप दिला.

मुंबई-पुण्यातल्या कचेरीत याचा अर्थ नवा संगणक मागवणं एवढाच. पण पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याचा विचार करा. तिथल्या वांगणीसारख्या गावात, म्हणजे बदलापूरच्या पुढे रेल्वे थांबते ती वांगणी नव्हे, डोंगरातली वांगणी, तिथे शाळेला किंवा वाचनालयाला संगणक मिळाला, तर तो शहरातून वापरून झालेला असण्याचीच शक्यता अधिक. त्याच्यावर नवं इंजिन बसणार नाही. जुनं इंजिन चालेल, पण त्याच्या फटी बुजणार नाहीत. आणि बसणार असलं, तरी नवी आवृत्ती म्हणजे शंभर एमबीहून मोठी फाईल. मोबाइलच्या रेंजसाठी टेकाडावर जावं लागणाऱ्या ठिकाणी ती दर महिन्याला कोण उतरवणार? जे पुस्तक कायद्यानं फुकट आहे, मुक्त परवान्यानं फुकट आहे, ते वाचायला असा अडसर येतो. तो कोणी मुद्दाम घातलेला नाही. सुरक्षित राहण्यासाठी पुढे जावं लागतं, आणि पुढे जाताना मागचे सुटतात, इतकंच.

यावर उपाय अगदीच नाहीत असं नाही. जुन्या पण ६४ बिटच्या संगणकावर विंडोज ७ ऐवजी एखादं हलकं लिनक्स बसवलं, तर त्यावर नवं इंजिन चालू शकतं; वेग थोडा कमी पडेल. नव्या आवृत्तीची फाईल तालुक्याच्या गावी एकदा उतरवून पेनड्राइव्हवरून दहा शाळांना देता येते, कारण मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रती वाटायला कोणाची परवानगी लागत नाही. अगदीच जुना संगणक असेल, तर तो जाळ्याला न जोडता, विश्वासाच्या ठिकाणाहून आणलेल्या पुस्तकांपुरता वापरावा. हे सगळं करायला कोणीतरी माहीतगार माणूस मात्र हवा, आणि त्याला यंत्राच्या पोटात काय आहे हे ठाऊक हवं.

दुसरी गोष्ट वाचकांनी करायची आहे. इंजिन बदललं, की आपली अक्षरं तपासून पाहावीत. 'दऱ्या', 'आचाऱ्यांना', 'ऱ्हास', 'वाङ्मय', 'अ‍ॅप', 'ऑक्टोबर' असे दहा-बारा शब्द एका फाईलमध्ये लिहून ठेवावेत आणि नव्या आवृत्तीत ती उघडावी. कुठे अक्षर तुटलं, तर ते चित्रासह बनवणाऱ्यांना कळवावं. हे लोक बहुधा उत्तर देतात, कारण त्यांना मराठी येत नसते आणि सांगणारं कोणी हवं असतं.

फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात के.डी.ई.च्या भारतातल्या कार्यकर्त्यांची परिषद पुण्याच्या सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठात भरली होती. त्याच महिन्याच्या अखेरीला, २८ तारखेला, के.डी.ई.ची सहावी पिढी प्रसिद्ध झाली. तिच्यात के-एचटीएमएल नव्हतं. ज्या इंजिनापासून सफारी, क्रोम, कॅलिबरच्या पोटातलं वेबइंजिन अशी एवढी मोठी वंशावळ फुटली, ते मूळ इंजिन त्याच्या जन्मघरातून रजा घेऊन गेलं होतं. त्याची बातमी झाली नाही, आणि व्हायचं कारणही नव्हतं. जुन्या पंपाच्या जागी नवा पंप बसला आणि नळाला पाणी येत राहिलं, की कोणी पंपाची चौकशी करत नाही. मात्र नळ सर्वांच्या घरी पोचला आहे की नाही, याची चौकशी करत राहायला हवी.

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)